अंगठा शेतकऱ्याचा, माहिती कोणाची?

खरिपाचा हंगाम जवळ आला, शाळांचे प्रवेश सुरू झाले किंवा एखाद्या नव्या योजनेची घोषणा झाली, की धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी झेरॉक्सची दुकाने आणि सेवा केंद्रे माणसांनी भरून जातात. भूम असो, परंडा असो, कळंब असो की उमरगा, चित्र सारखेच असते. प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड, सातबाराचा उतारा, बँकेचे पासबुक आणि मोबाइल. केंद्रचालक कागद घेतो, संगणकावर अर्ज भरतो, ‘अंगठा ठेवा’ म्हणतो, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो आणि पावती हाती देतो. अर्जाच्या तळाशी, आपली माहिती संबंधित संस्थांना देण्यास अर्जदाराची संमती आहे, अशा आशयाची एक ओळ असते. तिच्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण बहुधा केंद्रचालकच करून टाकतो. ती ओळ वाचणारा माणूस विरळा. वाचून ‘नाही’ म्हणणारा तर शोधूनही सापडावयाचा नाही.

हा चौकोन दिसावयास लहान असला, तरी त्याच्यावर आता देशाचा एक मोठा कायदा उभा राहिला आहे. ‘डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम’ संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. संमतीविषयीची मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावीत असे या नियमांनी ठरविले आहे. नागरिकाची माहिती घ्यावयाची, वापरावयाची किंवा दुसऱ्याला द्यावयाची, तर आधी त्याची संमती हवी, हे या कायद्याचे मुख्य सूत्र आहे. सूत्र निर्दोष आहे. प्रश्न एवढाच, की ज्या जिल्ह्यात संमतीचा चौकोन दुसराच माणूस भरतो, तेथे या सूत्राला अर्थ कसा प्राप्त करून द्यावयाचा?

रोख्यावरचा अंगठा

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले आणि दंग्याचे हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्यांचा रोख धान्यापेक्षा किंवा पैशापेक्षा कागदावर अधिक होता, ही त्या दंग्यांतील लक्षणीय बाब होय. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हे अंगठा उठविणाऱ्याला माहीत नसे. आणि न्यायालयात मात्र तोच अंगठा त्याच्या संमतीचा निर्णायक पुरावा ठरे.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. या कायद्याने अंगठ्याचा आंधळा अधिकार मोडला. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याच्या समक्षच त्यावर सही किंवा निशाणी व्हावी, असे त्यात ठरले. रोख्यावर निशाणी आहे एवढ्यावर न थांबता न्यायालयाने त्या रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा, अशीही तरतूद होती. कर्जदाराला पावती, हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला मिळालेला हा आधार आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला आला नाही, कारण हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे तेथील कचेऱ्यांची भाषा उर्दू झाली आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या जमिनीचे भवितव्य त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिले गेले.

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याची आठवण आज करून द्यावयाचे कारण उघड आहे. संमती म्हणजे खूण किंवा निशाणी नव्हे; समजून दिलेला होकार म्हणजे संमती. तो होकार समजून दिला की नाही हे पाहण्याची जबाबदारी अंगठा घेणाऱ्यावर असली पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्राच्या भूमीत फार पूर्वी मान्य झालेले आहे.

न्यायालयाने दिलेला पाया

स्वातंत्र्योत्तर काळात या तत्त्वाला घटनेचा आधार मिळण्यास बराच अवधी लागला. नागरिकाने बँकेला दिलेली कागदपत्रे बँकेच्या कपाटात गेली म्हणून त्यांतील खासगीपण संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या प्रकरणात २००४ साली सांगितले. कागद कोणाच्या ताब्यात आहे यापेक्षा तो कोणाविषयी आहे हे महत्त्वाचे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी चार न्यायमूर्तींच्या वतीने लिहिलेल्या निकालपत्रात एका युक्तिवादाचा आवर्जून समाचार घेतलेला आहे. खासगीपण ही मूठभर सुखवस्तूंची चैन आहे, गरिबाला तिची काय गरज, असा तो युक्तिवाद होता. न्यायालयाने तो साफ फेटाळला.

हा युक्तिवाद गावोगावी वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. ‘आमच्याकडे लपविण्यासारखे आहे तरी काय?’ असे सामान्य माणूस सहज बोलून जातो. परंतु त्याची माहिती दुसऱ्याच्या हाती गेल्याने काय होऊ शकते, हे अलीकडच्याच एका योजनेने दाखवून दिले आहे. राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा देण्यात येऊ लागला. शेतकऱ्याच्या वतीने अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत. सातबाराचा उतारा तर संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. परिणाम असा झाला, की दुसऱ्याच्या जमिनीवर, एवढेच नव्हे तर शासकीय जमिनीवरही, परस्पर विमा उतरविल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली. २०२५ साली ही योजना त्या स्वरूपात बंद करण्यात आली. ज्याच्या शिवारातील गट क्रमांक भलत्यानेच वापरला, त्या शेतकऱ्याजवळ लपविण्यासारखे काही नव्हते. गमावण्यासारखे मात्र होते.

कायदा काय देतो?

नव्या कायद्यातील संमतीची व्याख्या काटेकोर आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी; आणि ती देणाऱ्याच्या स्पष्ट कृतीतून व्यक्त व्हावी, असे सहावे कलम सांगते. दुसऱ्याने आधीच भरून ठेवलेला चौकोन या व्याख्येत बसत नाही. ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामाला आवश्यक तेवढीच ती असावी, अशी अटही आहे. कायद्यानेच दिलेले उदाहरण बोलके आहे. मोबाइलवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या सेवेने रुग्णाची माहिती मागितली तर ते रास्त होय. पण त्याबरोबर त्याच्या मोबाइलमधील सर्व दूरध्वनी क्रमांकांची यादीही मागितली आणि रुग्णाने ‘होय’ म्हटले, तरी यादीपुरती ती संमती गैरलागू ठरते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागेल; म्हणजे ती मराठीत मागण्याचा हक्क प्रत्येकाला राहील. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, हेही कायद्याने बजावले आहे. माहितीची सुरक्षा न राखणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

इतके मान्य केल्यावर या कायद्याच्या उणिवांकडे डोळेझाक करता येत नाही. पहिली उणीव अशी, की अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना देण्यासाठी शासन नागरिकाची माहिती वापरते तेव्हा अनेक बाबतींत नव्याने संमती घेण्याचे बंधन शासनावर नाही. धाराशिव हा केंद्राने २०१८ साली आकांक्षित म्हणून निवडलेल्या, महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक. अशा जिल्ह्यात नागरिकाची सर्वाधिक माहिती मागणारी संस्था म्हणजे शासनच होय. शेतकरी ओळख क्रमांकाचे उदाहरण घ्यावे. कृषी योजनांच्या लाभासाठी हा क्रमांक राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून आवश्यक करण्यात आला. जमीन, पीक आणि आधार यांची सांगड घालणारी ही माहिती शेतकऱ्याच्या संमतीनेच इतरांना दिली जाईल, असे सांगितले जाते. पण क्रमांक नाही तर लाभ नाही, अशी स्थिती असताना शेतकऱ्याचा होकार मुक्त आणि बिनशर्त कसा म्हणावयाचा?

दुसरी उणीव कागदाची. हा कायदा डिजिटल माहितीपुरता, किंवा कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेल्या माहितीपुरता आहे. खोलीमालक, मुकादम किंवा सिमकार्डाचा विक्रेता यांच्या टेबलाच्या खणात पडलेली आधारची झेरॉक्स त्याच्या कक्षेत येत नाही. या झेरॉक्सविषयी शासनाच्याच मनात किती गोंधळ आहे, हे मे २०२२ मध्ये दिसून आले. आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नये, असा इशारा आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने दिला आणि त्याचा विपर्यास होण्याची शक्यता असल्याचे सांगून दोनच दिवसांत तो मागे घेण्यात आला. शिवाय कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक झालेली माहितीही नव्या अधिनियमाने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे पीकविम्याच्या गैरव्यवहारात ज्या सातबाराचा उपयोग झाला, त्याला या छत्राखाली आसरा मिळणे कठीण.

तिसरी उणीव भरपाईची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाखाली, कंपनीच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येते. नवा कायदा पूर्णपणे अमलात येताच ते कलम रद्द व्हावयाचे आहे. नव्या व्यवस्थेत दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाईल. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती काही पडणार नाही. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याचे ठरल्यास त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीची वाटही लांबची आहे. आधी संबंधित कंपनीकडे, मग संगणकाद्वारे चालणाऱ्या केंद्रीय मंडळाकडे, आणि अपील थेट दिल्लीच्या न्यायाधिकरणाकडे. ज्याला अर्ज भरण्यासाठी सेवा केंद्र गाठावे लागते, त्याने त्या सेवा केंद्राविरुद्धची तक्रारही तेथूनच भरावी, असा हा न्याय आहे.

चौथी बाब अधिक चिंतेची. या कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील ८(१)(ञ) या कलमात बदल केला. संमतीची कलमे अमलात येण्यास १८ महिन्यांचा अवधी दिला गेला. हा बदल मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारावयाची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे अधिकाऱ्याला पाहावे लागे. आता माहिती व्यक्तिगत आहे एवढे कारण पुरेसे ठरू शकते. व्यापक जनहितासाठी ती देता येते ही तरतूद अन्यत्र शिल्लक आहे. पण जनहित दाखवून देण्याचे ओझे प्रत्यक्षात मागणाऱ्यावर पडणार. केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच माहितीच्या अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे विशेष बोचावे. गरिबाचा सातबारा उघडा राहावा आणि कचेरीतील फाइल खासगीपणाच्या नावाखाली बंद व्हावी, हा कायद्याचा हेतू नसेल. पण तसा परिणाम होऊ न देण्यासाठी जागरूक राहावे लागेल.

हाताशी असलेली साधने

मग मे २०२७ पर्यंत सामान्य माणसाने स्वस्थ बसावे काय? तसे मुळीच नाही. ग्राहक चळवळीने महाराष्ट्रात १९७० च्या दशकात मूळ धरले. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. पुढे देशात ग्राहक संरक्षणाचे जे कायदे झाले, त्यांतील २०१९ च्या कायद्यात एक मोलाची तरतूद आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली व्यक्तिगत माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे, ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. ही तरतूद जुलै २०२० पासून अमलात आहे. तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे, करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तिला शुल्क नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. नवा अधिनियम आपण इतर कायद्यांना पूरक आहोत असे म्हणतो. तेव्हा हे दार पुढेही उघडे राहावयास हवे.

दुकानात बिल करताना मोबाइल क्रमांकासाठी अडून बसणे गैर आहे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना कळविले. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्यांनी कर्जदाराच्या संपर्कयादीला हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले. हप्ता थकताच कर्जदाराच्या नातलगांना दूरध्वनी करून त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणाऱ्यांना हा लगाम होता. नको असलेले व्यापारी दूरध्वनी बंद करण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे आणि ग्राहकाच्या तक्रारीसाठी १९१५. ही साधने अपुरी असतील. परंतु ती न वापरल्यामुळे अधिकच गंजून जातात.

शिक्षकांची जबाबदारी तर दुहेरी आहे. विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी पालकांची संमतीपत्रे गोळा करण्याचे काम शाळांवर आले. हा क्रमांक ऐच्छिक असून पालकाला संमती नाकारता येते, अशी केंद्राची भूमिका आहे. प्रत्यक्षात किती टक्के नोंदणी झाली याचा तगादा वरून लागला, की ऐच्छिक शब्द वर्गाच्या दारापर्यंत पोहोचत नाही आणि संमतीपत्र हा आणखी एक भरावयाचा तक्ता होतो. पालकांच्या सभेत पाच मिनिटे काढून ते पत्र वाचून दाखविणे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाचे पाल्य त्यामुळे मागे पडणार नाही असे सांगणे, हे कोणत्याही शिक्षकाच्या हातातील काम आहे. हीच गोष्ट बँकेच्या, पतसंस्थेच्या आणि तहसीलच्या कारकुनाची. कायदा दिल्लीत होतो. तो पाळला जातो किंवा मोडला जातो, तो मात्र यांच्या टेबलावर.

होकाराला किंमत केव्हा येते?

संमती मागत बसलो तर कामे खोळंबतील, योजनांचा पैसा मध्येच गळेल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. लाभ थेट खात्यात जाऊ लागल्याने मधल्या हातांची गळती कमी झाली आणि माहितीवाचून ते शक्य नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर आणि परिसरातील घराघराच्या याद्या झाल्या, म्हणूनच पुनर्वसनातील घरे उभी राहू शकली. माहिती देण्याला लोकांचा विरोध नसतो. ती कशासाठी घेतली, कोणाकडे गेली आणि काम संपल्यावर तिचे काय झाले, हे कळण्याचा आग्रह मात्र रास्त आहे.

लोक असा आग्रह कितपत धरतात, याचे एक उदाहरण अमेरिकेतील नॉर्थ डकोटा या शेतीप्रधान राज्यातले आहे. ग्राहकाची माहिती दुसऱ्याला देण्यापूर्वी बँकेने त्याची संमती घ्यावी, असा तेथे १९८५ पासून कायदा होता. २००१ साली विधिमंडळाने तो सैल केला. ग्राहकाने स्वतःहून हरकत घेतली नाही तर त्याची संमती गृहीत धरावी, असे ठरले. लोकांनी त्यावर सार्वमत मागितले आणि जून २००२ मध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो बदल फेटाळून जुना नियम परत आणला. बँकांनी प्रचारात कसूर ठेवली नव्हती. तरीही मौन म्हणजे संमती हे सूत्र तेथल्या शेतकऱ्यांनी आणि दुकानदारांनी स्वीकारले नाही.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. संमतीचा मजकूर मराठीत, चार ओळींत आणि वाचून दाखविलेला असावा. अर्जाच्या पावतीबरोबर कोणती माहिती कोणाला दिली याची नोंद अर्जदाराच्या हाती पडावी. सेवा केंद्राला अर्जांच्या संख्येवर मोबदला मिळतो तेथे अर्जदाराच्या ओळखीची खातरजमा झाल्याविना तो देऊ नये. ‘नाही’ म्हणणाऱ्यासाठी कागदी अर्जाची दुसरी वाट खुली असावी. आणि तक्रारीसाठी जिल्ह्याच्या गावी एक खिडकी असावी. पालकमंत्र्यांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. १८७९ च्या कायद्याने गावोगाव निबंधक नेमून जे साधण्याचा प्रयत्न केला, ते संगणकाच्या युगात अशक्य मानणे हा नाकर्तेपणाच ठरेल.

कायद्यातील २५० कोटींच्या दंडाचा आकडा मोठा आहे. परंतु तो आकडा परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या शेतकऱ्याला दिसणार नाही. त्याला दिसेल तो समोरचा चौकोन. त्यात खूण करण्यापूर्वी केंद्रचालकाने मान वर करून ‘यात असे लिहिले आहे, तुम्हाला चालेल का?’ असे एकदा विचारले, आणि ‘नको’ या उत्तरानंतरही अर्ज घेतला गेला, तर हा कायदा जिल्ह्यात पोहोचला असे म्हणता येईल.